चिऊला काय लावायचं? : सांगलीतल्या एका घरातल्या पाच आठवड्यांचं प्रकरण

मी सांगलीत विश्रामबागला लहान मुलांचे गाण्याचे क्लास घेते, त्यामुळं "ताई, बाळाला कुठलं म्युझिक लावू" हा प्रश्न मला वर्षातनं पाच-सात वेळा तरी येतो. बऱ्याचदा मी दोन नावं सांगून मोकळी होते. ह्या वेळी तसं झालं नाही, आणि माझ्याही दोन-तीन चुका झाल्या, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. बाळाचं घरातलं नाव वेगळं आहे, आपण चिऊ म्हणूया.

पार्श्वभूमी

चिऊची आई माझी जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत आहे. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, तासगावकडं झालं, ऑगस्टच्या शेवटाला. तीन महिन्यांनी बाळ घेऊन सासरी सांगलीला आली. घरात नवरा (सेल्समध्ये, आठवड्यातले तीन दिवस बाहेर), सासूबाई आणि सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पुण्याला दीर, आयटीत. फ्लॅट रस्त्याला लागून पहिल्या मजल्यावर, म्हणजे रिक्षा, भाजीवाला, वरातीचा बेंजो सगळं थेट हॉलमध्ये.

२६ आठवड्यांची रजा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती. हे लक्षात ठेवा, कारण खरा ताण तिथं होता, गाण्यात नव्हता.

संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली, तिळगूळ दिला आणि खाली बसता बसता म्हणाली, ताई, पाच महिन्यांच्या बाळाला झोपताना कुठला राग लावतात हो.

अडचण काय होती

तिच्या तोंडून जे कळलं ते असं, की चिऊ मोबाईलवर गाणं लावल्याशिवाय झोपतच नाही. आधी नुसता आवाज होता, मग कधीतरी व्हिडिओसकट सुरू झालं, मोबाईल उशीला टेकवून. त्यात मध्येच जाहिरात येते, ती गाण्यापेक्षा दुप्पट मोठ्यानं, बाळ दचकून उठतं. फोन आला की गाणं बंद, बाळ उठतं. रात्री चार-पाच वेळा उठायची आणि दर वेळी गाणं परत लावावं लागायचं. वरून घरातल्या प्रत्येकाची आपली आपली यादी: सासूबाईंना मंत्र आणि स्तोत्रं, अण्णांना शास्त्रीय, दिराला मोझार्ट, आणि नवऱ्यानं ऑनलाईन मागवलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर पाळण्याच्या दांडीला लटकवलेला. आणि आता मोबाईलच बँकेत जाणार तिच्याबरोबर, मग आजी बाळाला झोपवणार कशी?

इथं माझी पहिली चूक. मी तिला "कुठला राग" ह्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. घरी बसून दोन दिवस यादी केली, संथ लय, कमी वाद्यं, फार चढ-उतार नाहीत असं बघून बघून बारा रेकॉर्डिंग निवडली, मोठ्या कौतुकानं पाठवली. एकही प्रश्न विचारला नाही की बाई, आवाज केवढा ठेवतेस, स्पीकर कुठं आहे, किती वेळ चालू असतं.

चार दिवसांनी बोरन्हाणाला गेले तर जिन्यातच गाणं ऐकू यायला लागलं. वर लहान मुलांचा कालवा, चुरमुरे-बोरं-गोळ्यांचा सडा, स्पीकर फुल्ल, आणि ह्या सगळ्यात हलव्याचे दागिने घातलेली चिऊ अण्णांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरीला ऐकायला कमी तर येत नसंल न्हवं? हळू लावलं की बघतच न्हाई ती. म्हणून मीच वाढवते आवाज."

म्हणजे आवाज का वाढत चालला होता ते तिथं कळलं. आईला वाटत होतं बाळाला सवय लागली म्हणून, आजीला वाटत होतं बाळाला ऐकू येत नाही म्हणून, आणि दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता झोपलेलं बाळ गोंगाटात उठलं नाही ह्यावरनं बहिरेपणा ठरत नाही, दमलेली बाळं लग्नाच्या मांडवातही झोपतात. पण उलटंही खरं, नुसत्या "झोपली असेल दमून" वर सोडून द्यायची गोष्ट नव्हती ही.

पहिला निर्णय: आधी कान

मी आईला विचारलं, जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती का? तिला आठवेना. फाईल माहेरी कपाटात. भावानं फोटो पाठवला, त्यात एका कागदावर उजवा कान पास, डावा कान रेफर, पुन्हा तपासणीला यावे. ही पुन्हाची तपासणी झालीच नव्हती, कारण मध्ये पाचवी, बारसं, मग तिला ताप, मग सासरी येणं. कुणी मुद्दाम टाळलं असं काहीच नाही, कागद माहेर आणि सासरच्या मध्ये अडकला एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवजात बाळाच्या कानात एक छोटी प्रोब घालून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून येणारा प्रतिसाद यंत्र टिपतं, ओएई म्हणतात त्याला. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. "रेफर" म्हणजे बहिरं नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पातळ द्रव किंवा चिकटा राहिला असला तरी रेफर येतं. पण परत करायची असते. जगभर पाळायचा साधा हिशोब १-३-६ असा आहे: पहिली चाळणी एक महिन्याच्या आत, शंका असेल तर पक्कं निदान तीन महिन्यांच्या आत, आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू. चिऊ पाच महिन्यांची होती. म्हणजे वेळ गेली नव्हती पण जात आली होती.

मिरज शेजारी असल्याचा हा एक फायदा, डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. दोन दिवसांत अपॉइंटमेंट मिळाली. ते दोन दिवस घरात कुणीच नीट जेवलं नाही, आणि माझी बारा रेकॉर्डिंग कुणी ऐकली नसणार हे सांगायलाच नको. दोन्ही कान पास आले. परत रेफर आलं असतं तर पुढं बेरा नावाची तपासणी करायची होती, ती लागली नाही. डॉक्टरांनी दीड-दोन वर्षांपर्यंत बोलण्यावर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं.

सासूबाई मिरजेहून येताना दर्ग्याला नारळ-खडीसाखर देऊन आल्या आणि घरी आल्यावर सांगलीच्या गणपतीला पेढे. 😄

दुसरा निर्णय: आवाज किती

कान चांगले आहेत म्हटल्यावर मग ते जपायचा प्रश्न. मी मोबाईलवर आवाज मोजायचं फुकट ॲप टाकलं. ते काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पाच-सात डेसिबल इकडं-तिकडं दाखवतं, पण तुलना करायला पुरतं. पंखा आणि रस्ता एवढंच असताना पाळण्यात ४८ च्या आसपास. स्पीकर रोजच्यासारखा लावल्यावर, बाळाचं डोकं असतं तिथं, ७४. जाहिरात आली तेव्हा ८० च्या वर. साधं समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास असतं, म्हणजे हे बाळ रोज झोपताना कुणीतरी कानाशी येऊन मोठ्यानं बोलतंय अशा आवाजात तासन्‌तास पडलेलं.

लहान बाळांच्या झोपेच्या आवाजयंत्रांवर २०१४ मध्ये पीडियाट्रिक्स ह्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १४ यंत्रं तपासली, फुल आवाजावर ३० सेंटीमीटरवरून १४च्या १४ यंत्रांचा आवाज ५० डेसिबलच्या वर, आणि तीन यंत्रं ८५ च्याही वर. ५० ही हॉस्पिटलमधल्या नवजात कक्षासाठी सांगितलेली मर्यादा. यंत्र ठेवायचंच तर दोन मीटर लांब, आवाज कमी आणि थोडा वेळ, हा सल्ला तेव्हापासूनचा. चिऊचा स्पीकर एक फुटावर होता. नवऱ्यानं आकडा बघितला आणि कुणी सांगायच्या आत दांडीवरनं सोडवला. आकड्याचा हा उपयोग होतो बघा, आईचं ऐकू का बायकोचं ऐकू असा प्रश्नच राहत नाही.

तिसरा निर्णय: कुठलं संगीत

आता आलो मूळ प्रश्नावर. रविवारी दीर आला होता, सगळे बसलो.

दिराचं म्हणणं मोझार्टनं मेंदू तल्लख होतो. मी त्याला जे खरं आहे ते सांगितलं: १९९३ साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात जो प्रयोग छापला तो ३६ कॉलेजच्या पोरांवर होता, बाळांवर नाही. दोन पियानोंचा मोझार्टचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, त्यानंतर आकृत्यांचं एक कोडं त्यांनी जरा बरं सोडवलं, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरला. एवढंच. पण गोष्ट इतकी फुगली की १९९८ मध्ये अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पुढं बऱ्याच लोकांनी प्रयोग परत करून बघितले, हुशारी वाढल्याचं काही पक्कं निघालं नाही. हे बोलणं बरोबर होतं पण जागा चुकली. सगळ्यांसमोर बोलले, दीर गप्प झाला, आणि नंतर कळलं की त्यानं ती यादी रात्री जागून पुतणीसाठी केली होती. एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं.

मंत्र-स्तोत्रांबद्दल सासूबाईंना मी काही बोलले नाही, त्यात बाळाला वाईट काही नाही, फक्त ते रेकॉर्डिंग दोन तासांचं होतं आणि मागं झांजा होत्या. त्यांना म्हणलं तुम्हाला पाठ आहे ना, तुम्हीच म्हणा की संध्याकाळी दिवा लावताना, पाच मिनिटं. ते लगेच पटलं.

पंख्यासारखा एकसारखा घूं-घूं आवाज लावायचा हा नवऱ्याचा पर्याय. रस्त्याचा आवाज झाकायला तो खरंच कामाचा असतो, पण चालू आहे तोवर झोप आणि बंद झाला की जाग, म्हणजे आत्ताचीच अडचण दुसऱ्या कपड्यात. शिवाय लाईट गेली की संपलं.

अण्णांचा तंबोरा. इथं मी फितूर झाले हे कबूल करते. अण्णांकडं मिरजेचा जुना तंबोरा आहे, भोपळ्याचा, त्यांच्या वडिलांनी घेतलेला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्राचं कात्रण त्याच्या गवसणीत घालून ठेवलंय. ते म्हणाले तिन्हीसांजेला यमनचं सूर धरून बसतो, पोरगी आपोआप झोपंल. मला मोह झाला. चार संध्याकाळी करून बघितलं. चिऊ झोपली नाही, उलट डोळे टक्क उघडे ठेवून तारांकडं बघत बसली, पाय हलवायला लागली. यमन काय, भूप काय, तिला काही फरक नाही. अण्णा जरा हिरमुसले. मग आईच्या लक्षात आलं की हे झोपायचं नाहीच, हे खेळायचं आहे. तिचा तळवा भोपळ्यावर ठेवला, थरथर लागल्यावर ती खिदळली. तेव्हापासून तंबोरा जागेपणीचा झाला, दुपारी चारला, दहा मिनिटं.

राहिला शेवटचा पर्याय, माणसानं गायचं. आई म्हणाली मी बेसूर, ताईंना माहितीय. (खरं आहे, तिचा पंचम कायम उतरतो.) पण नवजात बाळं अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ओळखून पसंत करतात हे १९८० पासून प्रयोगानं माहीत आहे, पंचमाची चौकशी त्यात कुणी केलेली नाही.

आणि सासूबाई? त्या म्हणाल्या मला गाणं येत न्हाई. अण्णा म्हणाले, "मग पोराला झोळीत घालून काय म्हणत होतीस गं?" त्या लाजल्या. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, गावठी, आता कुठं त्या म्हणायच्या. बराच आग्रह झाल्यावर दोन ओळी म्हणल्या आणि मी वही काढली. तीन-चार स्वरांत सगळं, ओळीचा शेवट दर वेळी त्याच जागी खाली येतो, अनोळखी असं काही मध्ये घुसत नाही. पाळण्याला साडीची झोळी बांधली तर एक झोका साधारण अडीच सेकंदाचा, आणि त्यांची अर्धी ओळ बरोबर तेवढ्यात बसते. मी माझ्या बारा रेकॉर्डिंगमध्ये जे शोधत होते ते सगळं ह्यात, जाहिरातीशिवाय.

चौथा निर्णय: एकदम बंद की हळूहळू

आईला एकदम बंद करायचं होतं, तीन रात्री रडंल आणि सुटंल. सासूबाईंचा सक्त नकार. नवऱ्यानं मध्यम मार्ग काढला, जॉइन व्हायला १९ दिवस आहेत तर हळूहळू करू. व्हिडिओ मात्र त्याच दिवशी बंद, कारण वर्षाच्या आत स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणतात.

केलं ते असं. एकच गाणं ठरवलं, डाउनलोड करून, फोन फ्लाईट मोडवर. स्पीकर आधी खिडकीत, मग दाराशी, मग हॉलमध्ये. दर दोन दिवसांनी आवाज एक घर खाली. झोप लागली की बंद. त्याच वेळी आजी झोळीशी बसून ओवी म्हणणार, म्हणजे गाण्यावर ओवी चढत जाते आणि गाणं उतरत जातं. पाचव्या दिवसापर्यंत मला वाटलं काही होत नाही, दोन्ही आवाज एकत्र विचित्र वाटत होते. नवव्या दिवशी स्पीकर चार्ज करायचा राहिला, कुणाच्या लक्षातच आलं नाही, चिऊ झोपली. मग सर्दी झाली आणि तीन रात्री सगळं पाण्यात, अण्णांनी रात्री दोनला गपचूप मोबाईल लावला. कुणी त्यांना बोललं नाही. चौदाव्या दिवशी परत रुळावर.

काय झालं

जॉइन व्हायच्या दिवशी आजीनं दुपारी ओवीवर झोपवलं, पन्नास मिनिटं. पहिल्याच आठवड्यात एक फसलेला प्रयोगही झाला: आईनं स्वतःच्या आवाजात अंगाई रेकॉर्ड करून ठेवली, आजीनं दुपारी लावली, आणि चिऊ दाराकडं बघून बघून अशी रडली की शेजारीण आली. आवाज आहे आणि आई नाही, हे तिला काही जमेना. दुसऱ्या बाळाला कदाचित चालेल, हिला नाही चाललं. ती कल्पना माझीच होती.

रात्रीचं उठणं चार-पाचवरनं दोनवर आलं, वाईट रात्री तीन. आता हे सगळं गाणं बदलल्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही, सहा महिने भरले, उष्टावण झालं, ह्या वयात झोप तशीही जराशी लांबतेच. पण आवाज कमी झाल्यानं घरातल्या माणसांचं एकमेकांवर ओरडणं कमी झालं हे मात्र अण्णांनी स्वतः सांगितलं.

सकाळी स्वयंपाकघरात आकाशवाणी सांगली बारीक आवाजात असतं, ते मोठ्या माणसांसाठी, भाकरी होईपर्यंत. दिराला चिऊच्या आंघोळीच्या वेळेसाठी दोन गाणी निवडायला सांगितली, त्यानं पियानोचीच पाठवली, रोज लागतात. सासूबाईंनी ओवीत नवीन कडवं घातलंय, त्यात आई बँकेला गेली, बाबा टूरला गेला आणि आयर्विन पुलावरनं कावळा आला.

परत करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच मी चार गोष्टी विचारेन: कानाचा कागद कुठाय, स्पीकर कुठाय, किती वेळ चालतो, आणि झोप लागल्यावर बंद कोण करतं. रागाचं नंतर. बाळ माहेरी जन्मलं असेल तर फाईल सासरी येताना बाळंतविड्याच्या पिशवीतच टाका, निदान फोटो तरी मोबाईलमध्ये ठेवा.

आजीला आधी विचारलं असतं तर एक आठवडा वाचला असता. ती घरात सगळ्यात जास्त वेळ बाळाजवळ आणि तिचाच प्रश्न शेवटी कळला, तोही स्वयंपाकघरात, कुजबुजत.

तंबोऱ्याचे चार दिवस मात्र मी परतही घालवेन. अण्णांना नाही म्हणून चाललं नसतं, आणि भोपळ्यावरचा तळवा आम्हाला कसा सापडला असता?

एकदम बंद केलं असतं तर लवकर झालं असतं का, ह्यावर आई आणि मी अजून भांडतो. ती म्हणते सर्दीच्या तीन रात्री धरल्या तर हिशोब सारखाच पडला.

आता जूनपासून आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं तीन महिने पाळणाघर बघायचं चाललंय. आईनं परवा विचारलं तिथं कुठलं म्युझिक लावतात ते विचारू का. मी सांगितलं विचारू नको, दुपारी दीड-दोनला न सांगता जा, झोपायच्या वेळेला, आणि आत पाय ठेवल्यावर आधी टीव्ही कुठल्या भिंतीला आहे आणि चालू आहे का ते बघ.